नकाशात न मावलेली नावं

आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवेच्या आखाताच्या तोंडाशी, आरन नावाची तीन खडकाळ बेटं आहेत. त्यांतलं सगळ्यांत मोठं इनिश मोर. ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे सरकारी मोजणीच्या, जुन्या नकाशात या बेटाच्या किनाऱ्यावर एका जागी 'इलॉननॉर' असं छापलेलं आहे. इंग्रजीत त्या अक्षरांना काही अर्थ नाही आणि आयरिश गेलिकमध्येही तो धड लागत नाही. सुरुवातीचा 'इलॉन' म्हणजे 'इल्यान', बेट, असं धरावं तर तिथे बेटच नाही. १९७०च्या दशकात टिम रॉबिन्सन नावाचे एक इंग्रज गृहस्थ या बेटाचा नकाशा काढत पायी फिरत होते. त्यांनी बेटावरच्या लोकांना ती जागा विचारली, तेव्हा ऐकायला मिळालं ते नाव वेगळंच होतं: ग्ल्यान ना न्योर. अश्रूंची घळ.

नाव का पडलं हेही लोकांना माहीत होतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेला निघालेले बेटकरी गॉलवे बंदरात जहाजावर चढत. जहाज खुल्या समुद्राकडे जाताना आरन बेटांमधल्या चिंचोळ्या पाण्यातून जाई, वारा पडला तर तिथेच खोळंबे. घरची माणसं चालत या घळीपाशी येऊन उभी राहत. इथून जहाज दिसे, पण जाणाऱ्याला हाक ऐकू जाण्यासारखी नव्हती. बहुतेकांची ती अखेरची नजरभेट. एवढं सगळं ज्या नावात होतं, त्याची नकाशावर पाच निरर्थक अक्षरं उरली.

हे कुणी मुद्दाम केलं असं समजायचं कारण नाही. मोजणीला आलेल्या माणसाने कानाला लागलं ते लिहून घेतलं आणि तो पुढच्या मुक्कामाला गेला. गेल्या दोनशे वर्षांतली आयर्लंडमधल्या स्थलनामांची हकीगत ही मुळात ऐकण्याची हकीगत आहे. कोणी ऐकलं, कोणाकडून ऐकलं आणि काय ऐकण्याजोगं मानलं, यावर सगळं ठरलं.

आयर्लंडचा ऑर्डनन्स सर्व्हे १८२४ साली सुरू झाला. कारण रोखठोक होतं, करआकारणी. तिथल्या जमिनीचं सर्वांत लहान महसुली एकक म्हणजे टाउनलँड. सरासरी सव्वातीनशे एकरांचं. असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड देशभर पसरलेले, त्यांच्या वर पॅरिश, त्यावर बॅरनी, मग काउंटी. प्रत्येक टाउनलँडची हद्द आणि क्षेत्रफळ नक्की झाल्याशिवाय कर न्याय्य बसत नव्हता. कर्नल थॉमस कोल्बी या कामाचे प्रमुख होते. १८२७-२८ मध्ये त्यांनी उत्तरेला लॉख फॉइलच्या काठी पहिली आधाररेषा मोजली. त्यासाठी पितळ आणि लोखंड अशा दोन पट्ट्या जोडून मोजदांड्या बनवल्या होत्या. दोन्ही धातू उन्हाने वेगवेगळे वाढतात आणि जोडणी अशी की खुणांमधलं अंतर मात्र बदलत नाही. भारतातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे जनक विल्यम लॅम्ब्टन १८२३ साली आपल्या हिंगणघाटला वारले. त्यांच्यानंतर ते काम ज्यांच्याकडे आलं त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांनी रजेवर असताना १८२९ मध्ये आयर्लंडला जाऊन कोल्बींची ही मोजणी पाहिली आणि तशाच दांड्या हिंदुस्थानात आणल्या. लॅम्ब्टननी मोजलेली बिदरची आधाररेषा पुढे याच दांड्यांनी पुन्हा मोजली गेली. म्हणजे आयर्लंडचा नकाशा आणि आपला नकाशा एकाच हत्याराने, एकाच राजवटीच्या हिशेबासाठी तयार झाला.

अंतराची चूक इंचापर्यंत आणणारी हत्यारं होती. नावाचं काय करायचं? एकाच टाउनलँडचं नाव जमीनदाराच्या दस्तात एक, कराच्या वहीत दुसरं, चर्चच्या नोंदीत तिसरं. ही नावं इंग्रजी लिपीत घालण्याचा उद्योग तोवर दोनशे वर्षं चालू होता. सतराव्या शतकात जमिनी जप्त करून इंग्रज वसाहतकऱ्यांना वाटल्या गेल्या तेव्हापासूनच कारकून आपापल्या कानाने नावं लिहीत आले होते. त्यातून एक रूप निवडायचं तर मूळ गेलिक नाव कोणतं हे कळायला हवं. त्यासाठी १८३०च्या शेवटी सर्व्हेने जॉन ओडोनोव्हन या तरुणाला नोकरीवर घेतलं. किल्केनी काउंटीतल्या शेतकरी घरातला, गेलिक ही घरची भाषा असलेला, जुनी हस्तलिखितं वाचू शकणारा हा माणूस. पुढे तो आयर्लंडच्या मोठ्या विद्वानांत गणला गेला, पण त्याची खरी शाळा ही पायपीट होती.

डब्लिनमध्ये जॉर्ज पेट्री यांच्या घरी एक छोटं कार्यालय चाले. यूजीन ओकरी, कवी जेम्स क्लॅरन्स मँगन अशी मंडळी तिथे बसून जुन्या ग्रंथांतले नावांचे उल्लेख उतरवून काढत. ओडोनोव्हन ते उतारे घेऊन पॅरिशमागून पॅरिश पालथी घाली. गावात पोहोचलं की आधी शोध म्हाताऱ्या गेलिक बोलणाऱ्याचा. त्याच्या तोंडून प्रत्येक नाव वदवून घ्यायचं आणि रात्री खानावळीत ओल्या कपड्यांनिशी बसून मुख्यालयाला पत्र लिहायचं. ही पत्रं जपून ठेवलेली आहेत. कुठल्या टेकडीवर कुठला संत राहिला, कुठला किल्ला कुणी पाडला, कुणाचा दावा खोटा वाटतो, पाऊस किती लागला, सगळं त्यांत आहे.

सर्व्हेच्या 'नेम बुक्स'चं पान कसं असतं ते सांगते. शिपायांनी पाठवलेलं नाव आधी. मग एकाखाली एक, मिळतील तितकी स्पेलिंगं, आणि प्रत्येकासमोर ते कोणाकडून आलं: जमीनदाराचा कारभारी, पाद्री, करवसुलीची यादी, जुना नकाशा. मग जागा कुठे आहे, जमीन कशी आहे, तिथे काय आहे याचं वर्णन. या सगळ्यात ओडोनोव्हनच्या हातचं शाईतलं गेलिक नाव, त्याचा अर्थ, आणि नकाशावर छापायचं इंग्रजी स्पेलिंग. पुरावा म्हणून त्याच्या नावाची आद्याक्षरं. पाहताना लक्षात येतं की छापलेल्या नकाशावर यातलं एकच स्पेलिंग गेलं. गेलिक रूप आणि अर्थ वहीतच राहिले.

त्याच्या कानाची किंमत कळायला एकच उदाहरण पुरे. आयर्लंडभर 'किल' या अक्षरांनी सुरू होणारी शेकडो नावं आहेत. गेलिकमध्ये 'किल्' म्हणजे छोटं चर्च, साधूची कुटी; आणि 'क्वील' म्हणजे रान. इंग्रजी लिपीत दोन्ही 'किल'च होतात. नकाशा पाहून एखाद्या गावी जुनं देऊळ होतं की झाडी, हे सांगता येणार नाही. ते सांगू शकतो फक्त तिथला माणूस, नाव उच्चारताना. तो गेला, आणि जुना लेखी पुरावाही नसला, तर तो प्रश्न कायमचा अनुत्तरित राहिला.

ब्रायन फ्रील यांच्या 'ट्रान्सलेशन्स' या नाटकाने ही मोजणी जगभर पोहोचवली. १९८० साली डेरी शहरात त्याचा पहिला प्रयोग झाला. त्यात इंग्रज सैनिक गेलिक नावं एकेक करून मोडत जातात. नाटक म्हणून ते थोर आहे, पण त्यावरून ओडोनोव्हनला नावं मारणाऱ्यांत बसवणं अन्यायाचं होईल. नावं मोडली होती ती त्याच्या आधीच. त्याने ती वहीत पुन्हा जोडून ठेवली. आज सरकारी स्थलनाम शाखा एखाद्या गावाचं अधिकृत गेलिक नाव ठरवताना त्याच्याच वह्या उघडते. दोष द्यायचाच तर तो कामाच्या चौकटीला द्यावा लागेल. सर्व्हेला टाउनलँडचं नाव हवं होतं, कारण त्यावर कर होता. त्या टाउनलँडच्या पोटातलं शेत, झरा, खडक, वळण, कोंड, गायरान यांची नावं बव्हंशी कोणी विचारली नाहीत.

आणि माणसं राहतात ती या पोटातल्या नावांत. आपल्याकडे सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना आहे आणि कित्येक उताऱ्यांवर तो कोरा असतो. घरात मात्र गट नंबर कोणी बोलत नाही. 'वडाच्या पट्टीत' पेरणी झाली का, असं विचारतात. आयरिश शेतकरीही सकाळी मुलाला टाउनलँडमध्ये पाठवत नव्हता. तो विशिष्ट नावाच्या शेतात पाठवत होता.

१८४६ साली केरी काउंटीचे नकाशे निघून काम संपलं. मैलाला सहा इंच मापाचे सुमारे १,९०० ताव. तेव्हा बटाट्याच्या रोगाचा महादुष्काळ सुरू झालेला होता. त्यात दहा लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. सर्वांत मोठा फटका पश्चिमेच्या गरीब, गेलिकभाषी भागाला बसला. १८५१च्या जनगणनेत पंधरा लाखांवर लोक गेलिक बोलत होते, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. चाळीस वर्षांत ही संख्या सात लाखांच्या आत आली. नकाशाने न विचारलेली नावं ज्यांच्या जिभेवर होती, ती माणसंच निघून गेली होती.

स्वतंत्र आयर्लंडने १९३७ ते १९३९ या काळात एक विलक्षण गोष्ट केली. लोकसाहित्य आयोगाने देशातल्या सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांना वह्या पाठवल्या आणि वरच्या वर्गातल्या मुलांना सांगितलं की घरी जा, आजीआजोबांना विचारा आणि लिहून आणा. भुतं, औषधी, म्हणी, सण, आणि त्याच यादीत आपल्या भागातल्या जागांची नावं. अकरा ते चौदा वर्षांच्या पोरांनी शेतांची नावं लिहिली, खाली आजोबांचं नाव आणि वय घातलं. लाखो पानांचा हा ऐवज आज कुणालाही पाहता येतो. पण वहीत 'पांढऱ्या दगडाचं शेत' असं लिहिलेलं असतं आणि ते शेत नेमकं कुठलं, हे बहुधा नसतं. मुलाला ते सांगायची गरज वाटली नव्हती. सगळ्या गावाला ठाऊकच होतं. अंतर मोजणाऱ्यांकडे नाव नव्हतं आणि नाव असणाऱ्यांकडे जागेचा खिळा नव्हता. या दोन गोष्टी एकत्र आणण्याचं काम रॉबिन्सनसारख्यांनी केलं.

रॉबिन्सन यॉर्कशरचे. केंब्रिजला गणित शिकले, इस्तंबूलला शिकवलं, व्हिएन्ना आणि लंडनमध्ये चित्रकार म्हणून राहिले. १९७२ साली पत्नीसह आरनला येऊन स्थायिक झाले. बेटाचा चांगला नकाशा नाही, तुम्ही का काढत नाही, असं तिथल्या पोस्टमास्तरीणबाईंनी सुचवलं आणि १९७५ मध्ये पहिला नकाशा निघाला. ते गेलिक शिकले ते ही नावं ऐकता यावीत म्हणून.

इनिश मोरला सगळे मिळून चार टाउनलँड. सरकारी हिशेबाला चार नावं पुरत होती. पण जमीन पाहा. खाली चुनखडीचा उघडा कातळ. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या समुद्रातलं शेवाळ आणि वाळू पाठीवरून आणून माती तयार केलेली. वाऱ्याने ती उडू नये म्हणून दगड रचून केलेले बांध. तिन्ही बेटांवर मिळून या बांधांची लांबी दीड हजार मैल भरेल, असा अंदाज सांगतात. शेताला फाटक नसतं. गाय आत घ्यायची तर बांधाचे दगड काढायचे आणि ती गेली की पुन्हा रचायचे. असल्या हातभर शेतालाही नाव. उघड्या कातळाला एक शब्द, बटाट्याच्या वाफ्याला दुसरा, गुरं ठेवायच्या रानाला तिसरा. त्याला मालकाचं, रंगाचं, झाडाचं, एखाद्या प्रसंगाचं नाव जोडलेलं. समुद्रकाठी तर प्रत्येक खाच, प्रत्येक कपार वेगळी, कारण शेवाळ कोणी कुठे काढायचं आणि मासे कुठे लागतात, याचा व्यवहार त्या नावांवर चाले.

रॉबिन्सन त्या त्या शेताच्या माणसाबरोबर जागेवर जात. माणूस बोटाने दाखवी, ते नकाशाच्या प्रतीवर खूण करत. पुढे त्यांनी मुख्य भूमीवर कॉनेमाराचा प्रदेश असाच पायाखाली घातला. ते ज्या गावी राहायला गेले त्याचं इंग्रजी नाव राउंडस्टोन, म्हणजे गोल धोंडा. गेलिक नाव क्लॉख ना रोन, सील प्राण्यांचा खडक. 'रोन' म्हणजे सील. इंग्रजी कानाला ते 'राउंड' वाटलं आणि खडकावर ऊन खात पडणारे सील नावातून हद्दपार झाले. याच मुलखात मुकनख इदिर घा हाल्ये नावाची वस्ती आहे. समुद्राच्या दोन खाड्यांमधली डुकरांची जागा, असा त्याचा अर्थ सांगतात. त्याचं इंग्रजी स्पेलिंग वाचता वाचता प्रवासी दमून जातो. गेलिक येणाऱ्याला मात्र नाव ऐकताच डोळ्यांपुढे भूगोल उभा राहतो.

या कामात मला सर्वांत हेलावून टाकणारा शब्द 'किलीन' वाटतो. मूळ अर्थ छोटं चर्च. पण देशभरात शेकडो ठिकाणी तो दफनाच्या जागेसाठी आला आहे. बाप्तिस्म्याआधी मेलेल्या बाळाला चर्चच्या पवित्र भूमीत पुरायला परवानगी नसे. बाप रात्री एकटाच ते गाठोडं घेऊन एखाद्या जुन्या पडक्या कोटात, हद्दीवरच्या माळात, समुद्रकाठी जाई आणि पुरून येई. वर एखादा अनघड दगड, नावगाव काही नाही. ही रीत विसाव्या शतकातही चालू होती. घरात याबद्दल बोलायचं नाही, असाच प्रघात. पण शेताचं नाव राहिलं. मालक बदलला, भाषा बदलली, तरी 'किलीन'मध्ये नांगर घालायचा नाही हे कळत होतं. आज ट्रॅक्टर आणि जेसीबीच्या काळात त्या बाळांचं रक्षण करणारी एकच गोष्ट पुष्कळ ठिकाणी उरली आहे, ती म्हणजे कोणीतरी लिहून घेतलेलं ते नाव.

गेलिक बोलली जाते तिथेच हे काम करावं लागतं असं नाही. डब्लिनच्या शेजारची मीथ काउंटी बहुतांशी कधीचीच इंग्रजी बोलू लागली. तिथे गावकऱ्यांनी स्वतःच आपापल्या पॅरिशमधल्या शेतांची नावं गोळा केली. शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात टेबलावर नकाशा पसरायचा. नाव, ते का पडलं, शेतात विहीर, भट्टी, जुना कोट अशा काय खुणा आहेत, सगळं टिपायचं. २०१३ साली त्याचा ग्रंथ निघाला. शेजारच्या लाउथ काउंटीतही तसंच काम झालं. अशा इंग्रजीभाषी भागात 'गुर्टीन' नावाचं शेत असतं. मालकाला अर्थ माहीत नसतो, पण शेत बहुतेक लहानच निघतं, कारण गेलिक 'गोर्तीन' म्हणजे शेतुकली. भाषा गेल्यावरही शंभर-दीडशे वर्षं एखादा शब्द मातीला धरून राहतो, हे पाहून मन भरून येतं.

नोंद करणाऱ्यांच्या शिस्तीबद्दलही लिहायला हवं, कारण चांगल्या मनाने केलेलं कामही इथे वाया जाऊ शकतं. अर्थ विचारण्याची घाई केली की माणूस सौजन्याने काहीतरी अर्थ सांगतो. म्हणून आधी उच्चार, तोही ध्वनिमुद्रित. नाव सुटं विचारायचं नाही. 'काल कुठे गेला होता', 'गुरं कुठून आली' असं बोलतं करायचं, कारण गेलिकमध्ये वाक्यात शब्दाचं तोंड आणि शेपूट बदलतं आणि त्यावरून मूळ रूप पकडता येतं. ऐकणाऱ्याने आपल्याला सुचलेला अर्थ पुढे करायचा नाही. सांगणाऱ्याचं नाव, घराणं, त्याने ते कोणाकडून ऐकलं, हे नोंदीचाच भाग. आणि दोघांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही लिहायची. मला यातली शेवटची अट सर्वांत महत्त्वाची वाटते. सरकारी नकाशाला एकच नाव लागतं, गावाला तसं बंधन नसतं.

अधिकृतपणाच्या आग्रहाने काय होतं ते केरीमधल्या डिंगल गावाने दाखवलं. गेलटाख्त, म्हणजे गेलिकभाषी प्रदेशात, फक्त गेलिक नावंच अधिकृत राहतील असा सरकारी आदेश २००५ मध्ये लागू झाला. फलकांवरून 'डिंगल' गेलं आणि 'अन दँगन' आलं. गावकरी चिडले. पर्यटक चुकतात हे एक कारण. शिवाय त्यांच्या तोंडातलं पूर्ण गेलिक नाव 'दँगन ई खूश' होतं, आणि नुसतं 'दँगन' नावाचं गाव ऑफलीमध्ये वेगळं आहे. २००६ मध्ये त्यांनी मतदान घेतलं. नव्वद टक्क्यांहून अधिक मतं इंग्रजी आणि पूर्ण गेलिक अशा दुहेरी नावाला पडली. २०११ मध्ये कायदा बदलला. गेलिकच्या भल्यासाठी निघालेला आदेशही गावाला न विचारता निघाला, तर तो जुन्या सर्व्हेच्या वळणावर जातो. या बाबतीत मी निःशंकपणे गावकऱ्यांच्या बाजूची आहे.

उत्तर आयर्लंडमध्ये १९७०च्या दशकात टपाल खात्याने खेड्यांतल्या पत्त्यांतून टाउनलँड काढून रस्त्याचं नाव आणि घर क्रमांक आणले. लोकांनी विरोध केला. फर्मॅना काउंटीने तर टाउनलँडची नावं सोडली नाहीत. दक्षिणेत खेड्यांतल्या एका टाउनलँडमधल्या सगळ्या घरांचा पत्ता एकच असे, पोस्टमन माणसं ओळखून पत्र देई. २०१५ मध्ये प्रत्येक दारासाठी सात अक्षरांचा एअरकोड आला. रुग्णवाहिका वेळेवर पोहोचते, ही लहान गोष्ट नव्हे. पण आता नाव माहीत नसलं तरी काम भागतं, आणि म्हणूनच नोंदी करणाऱ्यांची घाई वाढली आहे.

रॉबिन्सन २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडने लंडनमध्ये गेले. पत्नी त्यांच्या दोन आठवडे आधी गेली होती. त्यांची टाउनलँडवार कार्डं गॉलवे विद्यापीठाकडे आहेत, ती खुली आहेत. स्थलनाम शाखेने डब्लिन सिटी विद्यापीठाबरोबर २००८ मध्ये उभारलेल्या 'लॉगॅनिम' या संग्रहात एखादं गाव काढलं की ओडोनोव्हनच्या वहीतली रूपं, त्याआधीची दस्तांतली रूपं, वर्षासकट उतरत्या ओळीत दिसतात. आणि जिथे पुरावा पुरत नाही तिथे अर्थ दिलेलाच नसतो. छोट्या नावांसाठी लॉगॅनिमने वेगळी सोय केली आहे. तिचं नाव 'मेहल', म्हणजे शेजाऱ्यांनी मिळून एकाचं शेत उरकून देण्याची पद्धत, आपली इर्जिक. कोणीही आपल्या भागातलं शेत, खडक, झरा नकाशावर टोचून नाव घालू शकतं, सोबत ते कोणी सांगितलं हे लिहून. पॅरिशच्या सभागृहात हिवाळ्यात लोक यासाठी जमतात. सहा इंची नकाशाचा मोठा केलेला ताव टेबलावर असतो आणि त्यावर टाउनलँडची नावं, हद्दी आणि क्षेत्रफळं छापलेली असतात. पोटातली नावं पेन्सिलीने भरायची असतात, कारण शेजारच्या टाउनलँडचा माणूस आला की त्यातली काही खोडून दुसऱ्या जागी लिहावी लागतात.